माईआत्याची निळी बाटली

चैत्रात आपल्यातल्या इंदूरच्या एका ताईंनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे फोटो इथे टाकले होते. आरास छान होती, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे सगळं जागच्या जागी. त्या तबकात कुंकवाच्या करंड्याशेजारी चांदीची एक नक्षीची वस्तू होती आणि खाली कुणाच्या तरी सुनेने विचारलं होतं, "हे काय असतं?" चार-पाच जणींनी लगेच उत्तर दिलं, अत्तरदाणी. विषय तिथे संपला. माझा मात्र संपला नाही. म्हणून हे लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या. मी कॉमर्सचा माणूस, आयुष्यभर लेजर आणि व्हाउचर पाहिली, लेखक नाही.

आमचं घराणं वडोदऱ्यात पाच पिढ्या. (घरात आम्ही अजून बडोदंच म्हणतो.) दांडिया बाजारात वाडा होता. आता तिथे फ्लॅट आहेत. वाड्यात आजोबा-आजी, आईवडील, काका-काकू, आम्ही सहा भावंडं आणि माईआत्या. माईआत्या वडिलांची थोरली बहीण. जन्म १९२२चा, लग्न १९३८ला, आणि १९४१ साली यजमान विषमज्वराने गेले. मूलबाळ नव्हतं. आजोबांनी तिला परत आणली, शिकवली, आणि ती मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. त्या काळात हे पुष्कळ होतं, आणि आजोबांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण अत्तरदाणी हा वेगळा विषय होता.

आता थोडं मागे जातो. हल्ली मॉलमध्ये गेलं की एका बाजूला बायकांचे परफ्यूम, दुसऱ्या बाजूला पुरुषांचे. बायकांचे म्हणजे फुलांचे, गोड. पुरुषांचे म्हणजे लाकूड, चामडं, असलं काहीतरी. माझी नात कॉलेजला निघताना असलाच एक गोड फुलांचा फवारा उडवते आणि तो वास लिफ्टमध्ये दुपारपर्यंत राहतो. आमची ही कुरकुरते. मला आवडतो. पण ही बायकांची-पुरुषांची वाटणी आपल्याकडची नाही. आपल्याकडे मोगरा, गुलाब, केवडा, चमेली राजाही लावत होते आणि सरदारही. दरबार उठायचा तो अत्तर-गुलाब आणि विडा देऊन. लग्नात वऱ्हाडी पुरुषांच्या हाताला अत्तर आणि अंगावर गुलाबपाणी हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. माझे आजोबा, कडक माणूस, रेव्हेन्यू खात्यातून निवृत्त झालेले, गाण्याच्या बैठकीला जाताना कानात हिन्याचा फाया ठेवत. त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

बडोदेकरांना एक गोष्ट अभिमानाने सांगतो. सुगंधावरचे आपले जुने ग्रंथ छापून जगापुढे आणण्यात आपल्या प्राच्यविद्या मंदिराचा वाटा मोठा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. राजाने काय खावं, काय नेसावं, अंगाला कसल्या उट्या लावाव्या, कसला धूप घ्यावा, सगळं त्यात आहे. त्याचा पहिला भाग गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२५ साली निघाला. याच मालेत १९८९ साली गंगाधराचा 'गंधसार' निघाला आणि त्याच्याबरोबर 'गंधवाद' नावाचा एक छोटा ग्रंथ. त्याचा कर्ता कोण हे माहीत नाही, पण त्याच्यावरची टीका चक्क जुन्या मराठीत आहे! हे हस्तलिखित पहिल्यांदा अभ्यासकांच्या नजरेस आणलं ते पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी. म्हणजे अत्तरं आणि उटणी कशी करायची याचं मराठीतलं लेखन शेकडो वर्षांपूर्वीचं आहे आणि ते छापलं गेलं आपल्या गावात.

आणि वराहमिहिर. त्याच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर एक प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० चौकड्या होतात, प्रत्येक चौकडीत प्रमाणं बदलत गेलं तर ९६ प्रकार, म्हणजे एकूण १,७४,७२० सुगंध. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. बरोबर येतं. सहाव्या शतकातला माणूस, आकडेमोडीत एक पैशाची चूक नाही.

गुलाबाच्या अत्तराची गोष्ट तर जहांगीर बादशहाने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत होती. गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतल्यावर वर जो तवंग आला तो तिने टिपून घेतला. त्याचा एक थेंब तळहाताला चोळला तर सगळी मैफल दरवळते असं बादशहा म्हणतो आणि शोधाचं श्रेय सासूला देतो. (जावयाने सासूला लेखी श्रेय दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.)

थोडी कृतीही सांगतो, कारण पुढे तिचा संबंध आहे. कनौजला अजूनही जुन्या पद्धतीने अत्तर काढतात. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपायचं, खाली मंद आच. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते, त्याला भपका म्हणतात. भपक्यात चंदनाचं तेल असतं आणि तो पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो. फुलांचा वास चंदनाच्या तेलात उतरतो. पाणी काढून टाकायचं, नवी फुलं घालायची, पुन्हा आच. असं दिवसच्या दिवस. हल्ली चंदनाचे भाव इतके वाढले की पुष्कळ ठिकाणी चंदनाऐवजी पॅराफिनचं तेल वापरतात, ते सोडा. मुद्दा असा की खरं अत्तर तेलात असतं आणि विलायती सेंट अल्कोहोलमध्ये. सेंट उडून जातो. अत्तर घट्ट होत होत तळाशी राहतं.

आता वाड्यात येतो.

अत्तर आपल्याकडे बाई-पुरुष बघून अडत नव्हतं, ते अडत होतं दुसऱ्याच ठिकाणी. सवाष्णीला मान, विधवेला मनाई. गंध, फुलं, तांबूल हे सगळं नवऱ्याबरोबर गेलं, असं शास्त्र सांगायचं आणि घरातल्या बायका ते पाळून घ्यायच्या. आमचं बडोदं सुधारणेत पुढे. १९०४ साली इथे बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला, १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा झाला. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. हे सगळं आमच्या घरी अभिमानाने सांगत. पण अत्तरदाणी माजघराचा उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात गेली नाही. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी माईआत्या स्वयंपाकघरात असायची.

१९५८चं चैत्रातलं हळदीकुंकू. मी आठ वर्षांचा. बाहेर माजघरात पन्नास-साठ बायका, मोगऱ्याचे गजरे, आजी गौरीजवळ बसलेली. आई कुंकू लावत होती, काकू अत्तर. उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला काडीने अत्तर लावायचं, मग गुलाबपाणी शिंपडायचं. मला गुलाबदाणीचं काम दिलं होतं म्हणून मी खूष. मध्ये काकू ओटी भरायला वळली तेव्हा मी अत्तरदाणी उचलली आणि आत गेलो.

माईआत्या डाळ वाटून झाल्यावर पन्ह्याचे पेले भरत होती. मी म्हटलं, "आत्या, हात." तिने बघितलं. म्हणाली, "अरे, मला नसतं ते." मी म्हटलं, "का?" याचं उत्तर तिने दिलं नाही. ती शिक्षिका होती, मुलांच्या 'का'ला उत्तर द्यायची तिला सवय होती. दाराकडे एकदा बघितलं आणि हात पालथा पुढे केला. मी काकूसारखी काडी फिरवली. जरा जास्तच लागलं असणार. तिने हात नाकाशी नेला आणि तसाच ठेवला, किती वेळ ते आता सांगता येणार नाही. मला तेव्हा वाटलं की ती शिंक येईल म्हणून थांबली आहे.

थोड्या वेळाने पेल्यांचं तबक घेऊन ती माजघराच्या दारापर्यंत आली. तिथून आजीने घ्यायचं अशी पद्धत होती. आजीने तबक घेतलं, थबकली, आणि हळू आवाजात विचारलं, "हे कुणी लावलं?" आजी कधी ओरडत नसे. तिच्या हळू आवाजालाच आम्ही घाबरायचो. मी शेजारीच होतो, हातात अत्तरदाणी. आणि मी म्हणालो, "आत्याने मागितलं."

खोटं होतं ते. तिने मागितलं नव्हतं.

माईआत्याने माझ्याकडे बघितलं नाही. "चुकलं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी मागून गेलो तर ती मोरीजवळ बसून राखेने हात घासत होती, तवा घासतात तसा. चंदनाच्या तेलातलं अत्तर एका धुण्यात जात नाही. तिने तीन वेळा घासला. रात्री पानावर वाढताना हात लाल होता आणि तरी वास होता. आजोबा, ज्यांच्या कानात त्या दिवशीही फाया असेल, काही बोलले नाहीत. आजीने विषय पुन्हा काढला नाही. माझ्याशी आत्या नेहमीसारखीच वागली, दुसऱ्या दिवशी पाढे घेतले. मी तिला कधी "मी खोटं बोललो" असं म्हणालो नाही. आधी भीती होती, नंतर वाटलं ती विसरली असेल, नंतर मी विसरलो.

पुढचं भराभर सांगतो. मी सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बदल्या झाल्या, सुरत, गोधरा, अहमदाबाद, परत बडोदं. आजी-आजोबा गेले. माईआत्या १९८०ला शाळेतून निवृत्त झाली. तिचा एक नेम सगळ्या घराला ठाऊक होता. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी ती मांडवीकडे सेंट्रल लायब्ररीत जायची. ज्यांनी ती लायब्ररी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला १९१० साली आणून संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, त्यातली ही मुख्य. लोखंडी मांडण्या, आतल्या मजल्याला काचेच्या फरश्या. आत्या दोन-तीन तास तिथे वाचत बसायची आणि दिवेलागणीला घरी येऊन सरळ न्हाणीघरात जायची. बाहेरून आली, हातपाय धुते, असं आम्ही समजायचो.

बँकांच्या लॉकरला नॉमिनेशनची सोय १९८५च्या नियमांनी आली. तिचा लॉकर आहे हे मला तेव्हा समजलं. दुसऱ्या बँकेत, मांडवीच्या वाटेवरच्या शाखेत. मी फॉर्म आणून दिला. तिने स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला. नॉमिनी म्हणून माझं नाव, नातं: भाचा. मी म्हटलं, "माझं कशाला, काकांचं घाल." म्हणाली, "तुझंच असू दे. तुला कामाची माहिती आहे."

१९९४च्या पावसाळ्यात ती गेली. बाहत्तर वर्षांची होती. दीड महिन्याने मी कागद घेऊन त्या शाखेत गेलो. लॉकर उघडताना दोन साक्षीदार, एक अधिकारी आणि यादी लागते. अशा याद्या मी माझ्या शाखेत कितीतरी केल्या होत्या, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आत निघालं ते असं: सोन्याच्या पाटल्या दोन, मंगळसूत्राच्या वाट्या दोन, राष्ट्रीय बचत पत्रं, आजोबांचा एक फोटो, आणि रुमालात गुंडाळलेली लहानशी निळी बाटली. अधिकाऱ्याने विचारलं, "याची किंमत काय लिहू?" मी म्हटलं, "काही नाही लिहा." यादीत अजून तसंच आहे: निळ्या काचेची बाटली, लहान, नग १, किंमत शून्य.

बाटलीवर चंदेरी कागदाचा झिजलेला तुकडा होता. पुरतं वाचता येत नव्हतं, पण ती निळी काच आमच्या पिढीने ओळखावी अशीच. इव्हिनिंग इन पॅरिस! (शम्मी कपूर-शर्मिला टागोरचा सिनेमा १९६७चा, हा सेंट त्याच्या कितीतरी आधीचा.) बुर्झ्वा नावाच्या फ्रेंच कंपनीने १९२८ साली काढला. बनवणारा एर्नेस्त बो, ज्याने १९२१ साली शनेल नंबर पाच बनवला, तोच. शनेल श्रीमंतांसाठी आणि हा निळ्या बाटलीतला गोड फुलांचा सेंट दुकानात काम करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या मुलींच्याही आवाक्यातला. मुंबईतही मिळायचा. काकूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, माईच्या यजमानांनी मुंबईला कॉलेजात असताना दिवाळीला काहीतरी निळं आणलं होतं खरं, सासूबाई रागावल्या होत्या, असले वास बैठकीतल्या बायका लावतात म्हणून.

म्हणजे बाटली १९३९-४०ची. पण मी बूच काढलं तर आत मोगरा होता. आणि तळाशी मधासारखं घट्ट काहीतरी. अल्कोहोलचा सेंट पन्नास वर्षांत असा घट्ट राहत नाही, उडून जातो. ते अत्तर होतं, चंदनाच्या तेलातलं. यजमानांनी दिलेला सेंट केव्हाच संपला किंवा उडाला असणार. तिने रिकामी बाटली ठेवली आणि केव्हातरी मांडवीतल्या अत्तरवाल्याकडून तिच्यात मोगरा भरून आणला. एकदा आणला की अनेकदा, कोण जाणे.

लॉकरचा कस्टोडियन जुना गुजराती गृहस्थ होता. मी सही करत होतो तेव्हा म्हणाला, "बेन दर महिने आवतां, साहेब. पांच मिनिट. बस." मग हसून म्हणाला की ते गेले की लॉकर रूममध्ये मोगऱ्याचा वास राहायचा, स्टाफमधल्या मुली एकमेकींना विचारायच्या, आज कोणी लावलंय.

मी रजिस्टर बघितलं. नियमात बसत नव्हतं, पण आम्ही एकाच धंद्यातले, त्याने पुढे सरकवलं. जुनी रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये गेली होती, हातात होतं ते १९८७पासूनचं. पहिला शनिवार, पहिला शनिवार, पहिला शनिवार. आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ. सहा मिनिटं, आठ मिनिटं, पाच मिनिटं. तिची सही. लॉकर घेतल्याची तारीख कार्डावर होती, १९६१. स्वतःच्या पगारातून भाडं भरत होती. तेहतीस वर्षांत मधले काही महिने आजारपणाचे सोडले तर पाच-सात मिनिटांप्रमाणे किती वेळ होतो ते मी त्याच कागदाच्या मागे मांडलं. साधारण चाळीस तास. मग लायब्ररीतले तास धरले तर हजाराच्या आसपास. मग मी तो कागद खिशात घातला कारण साक्षीदार बघत होते.

वाड्यात तिला कपाट होतं, पण किल्ली आजीकडे, पुढे आईकडे. आजी १९६८ला गेली. आई तर तिला काही म्हणाली नसती, उलट हाताला धरून बाहेर आणली असती. हे आत्याला कळत नव्हतं असं नाही. तरी ती शेवटपर्यंत मांडवीलाच जात राहिली आणि घरी यायच्या आत नसलं तरी आल्या-आल्या हात धूत राहिली. याचा उलगडा मला अजून नीट झालेला नाही. आईला मी त्या दिवशी संध्याकाळी बाटली दाखवली तर तिने वास घेतला आणि म्हणाली, "मला वाटायचं लायब्ररीच्या बागेत मोगरा आहे."

अठ्ठावन्न सालचं खोटं मी त्याच रात्री आईला सांगितलं. आई म्हणाली, "तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. पोरगं घाबरलं, त्याला बोलू नका, असं."

त्या इंदूरच्या ताईंना आणि त्यांच्या सुनेला एवढंच कळवायचं होतं की तबकातली ती अत्तरदाणीच. आमची अजून आहे, चांदी काळी पडते, हिने परवाच चिंचेने घासली. बाटली माझ्या टेबलाच्या खणात. नातीला दाखवली तर तिने बूच काढून मनगटाला लावून बघितलं आणि विचारलं, हे कुठे मिळतं. बाटली उलटी केली तर आता काही पडत नाही. काडी घातली तर लागतं थोडं.